ढाबळ

सीपीआरमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
घरात पक्षी आहेत?
म्हटलं, आहेत, पण ते ह्यांचे.
मी कधी शिडी चढले नाही.

उत्तरेश्वर पेठेत पत्र्यावर ढाबळ,
एकोणतीस कबुतरं.
पहाटे हे शिट्टी घालतात,
थवा जोतिबाच्या अंगाला वळतो
आणि ह्यांची मान तशीच वर,
चहा निवेस्तोवर.

बाईंनी फिल्म उजेडाला धरली.
धुकं बघा, म्हणाल्या,
आरशावर श्वास सोडल्यागत.
तंबाखू, मिश्री? नाही.
चुलीचा धूर? गॅस आहे की.
मग माझ्या हातांकडं बघत,
कपडे कोण धुतं?

बावीस वर्षं.
भिजवायच्या आधी त्यांचा बनियन
मी दारात झटकते.
पांढरी पूड उडते, पिठीसारखी,
कवडशात बरी दिसते.
कधी कधी
झटकायच्या आधी
नाकाशी धरलाय मी तो.
हे काय डॉक्टरला सांगायचं?

ह्यांनी ऐकून घेतलं.
जेवताना भाकरी दोनदा मोडली, खाल्ली नाही.
रविवारी इचलकरंजीचा हुसेन अत्तार
टोपल्या घेऊन आला.
पैशाचं बोलणं झालंच नाही.

बुधवारी तपकिरी मादी परत.
पत्र्यावर नखांचा आवाज.
हे आतच बसून, ओठ मिटून,
शिट्टी दातांमागं.

नाकाला पदर लावून,
तिसऱ्या पायरीवर दम खाऊन,
मीच टाकले
मूठभर जोंधळे.