तिसऱ्या टोल्याला

काहींच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात.
माझ्या तोंडात शब्दच्या शब्द भिजत पडायचे,
फुगायचे, मोड यायचे त्यांना,
आणि ओठ मिटलेले ते मिटलेलेच.

हल शहर, हेसल रोड, सत्त्याऐंशी साल.
चिप्सच्या दुकानात शुक्रवारची रांग.
आमच्या घरी मासा चालायचा नाही,
चालायची ती बटाट्याची पॅटी,
आणि प म्हणजे
बाहेरून कडी घातलेलं दार.
काउंटरमागची मॉरीन भुवया उंचावायची.
मी म्हणायचे, चिप्स.
च दयाळू होता.
माझ्यामागच्याला पॅटी मिळायची, वाफाळती,
मी घरी येऊन सांगायचे, संपल्या होत्या.
अशा चार वर्षं संपलेल्याच होत्या.

मिरजेहून आत्यानं वेखंड पाठवलं,
सहाणेसकट, विमानाच्या पार्सलातून.
आई ते मधात उगाळून जिभेला लावायची.
बाबा इस्पितळात दिवसभर
लोकांचे घसे तपासायचे
आणि जेवताना माझं वाक्य
माझ्याआधी पुरं करायचे.
प्रेमानंच. पोळी वाढावी तसं.
मला दुसरंच काही म्हणायचं असायचं.

मिसेस ओल्डरॉइड यांच्या खोलीत एक आरसा होता
आणि त्यांच्या कार्डिगनला कुत्र्याचे केस.
म्हणाल्या, तू अडखळतेस त्याचं काही नाही,
तू पळतेस, त्याचं बघू.
मला राग आला. महिनाभर गेले नाही.

आमच्या शहरातले फोनबूथ लाल नव्हते,
सायीच्या रंगाचे होते.
कोपऱ्यावरच्या बूथमधून मी
वेळ सांगणाऱ्या बाईला फोन लावायचे.
ती ऐकत नव्हती, म्हणून हसत नव्हती,
हं, हं, पुढे, असं म्हणत नव्हती.
तिच्या आवाजावर मी माझं नाव ठेवून बघायचे:
प... प... प...
सहा वाजून चार मिनिटं, दहा सेकंद.
प...
सहा वाजून चार मिनिटं, वीस सेकंद.
पद्मजा.
तिसऱ्या टोल्याला मी जन्मायचे.
काचेवर वाफ. बाहेर एक म्हातारा,
मुठीत नाणं धरून ताटकळलेला.

मग एक शुक्रवार.
रांगेत चौदा माणसं, मी मोजली होती.
मॉरीननं भुवया उंचावल्या.
मी च कडे बघितलंसुद्धा नाही.
प, प, प, तेलाचा तडतडाट,
कुणाच्या तरी किल्ल्या,
मागे डॅरेन फुसकन हसला,
प, प, मान वाकडी, डोळे गच्च,
पॅटी.
मॉरीन म्हणाली, एक की दोन?
हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.
दोन, म्हणाले. द नंही वेळ घेतला.
खरं सांगायचं तर
चव काही फार ग्रेट नव्हती.

आता मी हंबर नदीच्या मुखाशी बसते,
रात्रपाळीला, रेडिओवर,
जहाजांना वाट सांगत.
प अजून अधूनमधून कडी घालतो.
मी उंबऱ्याशी बसून राहते, उघडतो.
रेडिओचा एक नियम मला फार आवडतो:
समोरचा ओव्हर म्हणेपर्यंत
त्याचं वाक्य त्याचं.

परवा धुक्यातून एक कोवळा आवाज आला,
कुठल्याशा डच मालवाहू बोटीवरून,
बोटीच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर अडलेला.
ब... ब...
नाव माझ्या पडद्यावर ठळक दिसत होतं.
बटण बोटाखालीच होतं.
खरखर. श्वास. खरखर.

नोंदवहीत लिहिलं:
चार सतरा, हाक आली.
चार अठरा, नाव मिळालं.
मधल्या मिनिटाला रकाना नाही.