चौपन्न किलो

हार्लिंगेनच्या बंदराजवळची घरं
एकमेकांना खांदा लावून उभी आहेत.
रुंदीला सहा पावलं, उंचीला चार मजले,
आणि जिने असे उभे
की चढताना गुडघा हनुवटीला लागावा.
छताखाली तुळईला अजून लोखंडी आकडा आहे:
पलंग, कपाटं, एकदा तर पियानोसुद्धा
दोरानं बांधून खिडकीतून वर घेतलेला.
माणसांसाठी तशी सोय नव्हती.

ती आम्ही केली.
काचेची नळी, आत एक माणूस मावेल एवढी.
दोर नाही, खड्डा नाही, नुसत्या हवेच्या दाबावर
वर जाते, सरबत नळीतून चढतं तशी.
फ्राउक्येबाईंचा खोकला ओळखते,
त्या पोचायच्या आत वरचा दिवा लावते,
कॉफीच्या यंत्राला निरोप धाडते,
आणि पाय ठेवताच वजन करते.
ते वजन रोज सकाळी ग्रोनिंगेनला, लेकीच्या फोनवर.
ही सोय हिल्स्केनं मागून घेतली होती,
जादा पैसे भरून.

वर्षातून एकदा मी तपासणीला जातो.
या खेपेला पडद्यावर आकडे पाहिले:
जानेवारीत चौपन्न. मार्चमध्ये बावन्न.
मेअखेर पन्नास.
अन् सहा जूनपासून
पुन्हा चौपन्न. रोज चौपन्न.
माणसाचं वजन असं नसतं.
माणूस एखाद्या रात्री नुसत्या चहावर झोपतो,
एखाद्या रविवारी केक जरा जास्तच खातो.
काटा अडकला असणार म्हणून मी खाली वाकलो
तर कोपऱ्यात एक बटाटा.
लहानसा, मातीचा, कोंब फुटलेला.

बाई दारात.
जुलै महिन्यात अंगात नवऱ्याचा लोकरी कोट,
खिसे गुडघ्यापर्यंत ओघळलेले.
मी कोटाकडे पाहिलं, त्यांनी बटाट्याकडे.

"पन्नासच्या खाली गेलं की ती येऊन मला नेणार.
तिच्याकडे सगळं एकाच मजल्यावर आहे."
मग, लिफ्टला ऐकू जाऊ नये अशा आवाजात:
"तिथून तेर्स्खेलिंगची बोट दिसत नाही."

डॉक्टर? मी विचारलं.
"त्यांना ठाऊक आहे. त्यांना मी तोंडानं सांगते."
आणि हसल्या.
"आता दर आठवड्याला एक बटाटा वाढवावा लागतो.
एके काळी या घरात माझ्या शब्दाला वजन होतं."

कॉफी आली, यंत्रानं केलेली, नेमकी, बेचव.
त्यांनी ती कुंडीत ओतली
आणि गॅसवर दुसरी ठेवली.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
दोष आढळला नाही.
लिहिताना पेन दोनदा अडलं.

गाडीत बसल्यावर कळलं,
बटाटा माझ्याच खिशात राहिलाय.
सत्तर ग्रॅम असेल, फार तर ऐंशी.
फॉर्मवर हिल्स्केचा नंबर होता.
धक्क्यावर बोटीनं भोंगा दिला,
वर चौथ्या मजल्यावर, कुणी पोचायच्या आधी,
दिवा लागला.
मी अजून किल्ली फिरवली नव्हती.