वजन

ल्युझविमिंदा मनिलाहून आली, तीन आठवड्यांसाठी,
राजारामपुरीत, आमच्या दुसऱ्या मजल्यावर.
माझा राक्षस बघून म्हणाली,
बसतोय छान. पण वजन कुठाय ह्याचं?

चोवीस चित्रांचा एक सेकंद,
आणि माझा राक्षस कापसाचा.

पहाटे तिला गंगावेशीत नेलं, धारोष्ण दुधाला.
पेला हातात तसाच,
फेस ओठाला,
आणि ही हिंदुरावच्या म्हशीपुढं उकिडवी.
"आमच्या बापाकडं होती, अशीच," एवढंच बोलली.
हिंदुराव मला म्हणाला,
बाई दूध पितीया का म्हस इकत घेतीया?

म्हैस बसली.
आधी पुढचे गुडघे. मग थांबली जरा –
त्या थांबण्यावर ल्युझनं माझं मनगट दाबलं –
मग मागचं सगळं धप्पदिशी,
आणि शेवटी पोट, स्वतःच्या सवडीनं.

परतताना रिक्षात तिनं एकोणीस वर्षं सांगितली:
एका सिनेमात शेपूट, एकात ओले केस,
एकदा आठ महिने
नुसतं न उघडणारं दार.

दीड वर्षानं सिनेमा कोल्हापुरात लागला.
राक्षस बसला.
मागच्या रांगेतून कुणीतरी,
"आयला, म्हशीगत बसला की!"

तिचं नाव वर सरकलं तेव्हा
झाडूवाला निम्म्या खुर्च्या उरकून
माझ्या पायाशी आलेला.
माझं नाव नव्हतंच.

ते वाक्य मात्र रात्रीच मनिलाला कळवलं,
भाषांतर न करता,
आयलासकट.