नेहमीचा उपयोग सोडून

छापील प्रश्नात होतं 'वीट'.
वर्ग क्षणभर गप्प.
मग दुसऱ्या बाकावरून सार्थेश पोळजी उठला,
"बाई, वीट म्हणजे चिरो?"
पुस्तिकेत पान चारवर ठळक अक्षरांत लिहिलंय,
परीक्षकाने खुलासा करू नये.
मी म्हटलं, "होय, चिरो,"
आणि घड्याळ सुरू केलं.

सूचना दोनदा वाचली होती:
नेहमीचा उपयोग सोडून
सुचतील तेवढे उपयोग लिहा. वेळ दहा मिनिटं.
चूक-बरोबर असं काही नाही.
हे शेवटचं वाक्य मुलांना कधीच खरं वाटत नाही,
दोघांनी तरी आधी समास आखून घेतला.

रात्री म्हापशाच्या खोलीत
एकतीस कागद टेबलावर.
पंख्याने उडू नयेत म्हणून वर भाताचा डबा.

केरीच्या फेरीबोटीत गाडीच्या चाकाखाली.
माटोळी बांधताना उभं राहायला, आमचे बाबा ठेंगणे आहेत.
नरकासुराच्या पोटात, नाहीतर वारं आलं की
तो पहाट व्हायच्या आधीच मरतो.
गोलचा खांब. दोन लागतात.
घासून लाल पूड, नाटकातल्या रक्तासाठी.
भावाशी भांडले की बिछान्याच्या मधोमध.
मांजर दुपारी त्याच्यावर झोपतं,
पण तो उपयोग मांजराचा आहे, माझा नाही,
तरी लिहू का?

लिही गं, असं मी कागदालाच म्हटलं
आणि खुणा करत गेले.
ओघ, म्हणजे उत्तरं किती.
लवचीकता, म्हणजे किती तऱ्हांची.
तपशील: ठेंगण्या बाबांचा एक गुण.
नावीन्याचं तसं नाही,
ते एकट्याच्या कागदावर दिसतच नाही,
त्याला बाकीचे तीस लागतात.
शेकडा पाचांहून कमी मुलांनी लिहिलं, तर दोन गुण.
नरकासुर अकरा कागदांत निघाला.
शून्य.
पुस्तिका जिथे छापली त्या शहरात
कुणा एकाने तो लिहिला असता
तर त्याच्या नावापुढे चांदणी आली असती.

शेवटचा कागद रेणव्वाचा.
आडनावाची जागा रिकामी.
धारगळच्या पुढे चिरेखाण आहे,
तिथे कापायला यंत्र आलं
तेव्हापासून तिचा बाप नुसता उचलतो.
परीक्षेतली सात मिनिटं ती
छपराकडे बघत होती, हे मी पाहिलं होतं.
अक्षर मोठं, ओळ सोडून:

पत्र्यावर ठेवायला.
चूल, तीन पाहिजेत.
बसायला.
मोजायला. शंभर झाले की पैसे.
घर.

घर.
एकतिसांत एकीने.
बाकी तिसांनी सूचना पाळली होती,
त्यांची घरं चिऱ्यांचीच, त्यांनी ती सोडून दिली.
शेकडा तीन पूर्णांक दोन,
तक्ता म्हणतो दोन गुण.
पान दोन म्हणतं, नेहमीचा उपयोग धरू नये.
मी पान दोन पुन्हा वाचलं.
नेहमीचा, एवढंच लिहिलंय.
कुणाचा, ते नाही.

ओघ पाच. लवचीकता पाच.
नावीन्याच्या चौकटीत दोन लिहिले, पेन्सिलीने,
कारण सोमवारी पणजीहून
तपासायला माणूस येतो,
आणि त्याच्याकडे खोडरबर असतं.

मग भूक लागली. डबा उचलला,
भात गारढोण झाला होता.
वरच्या कागदावर डब्याच्या बुडाचं
ओलं वर्तुळ उमटलं होतं,
सार्थेशच्या गोलच्या खांबांवर.
डब्याचे उपयोग सांगा म्हटलं असतं कुणी
तर माझ्या यादीत हा आला नसता.
पंखा बंद करून, कागद वाळेपर्यंत
मी उभ्यानेच जेवले.