नखांची वही

आमच्या शाळेत मुलं एकवीस, मंत्री सहा,
शिक्षिका एकच, ती मी.
मला खातं नाही.

जूनमध्ये चिंचोक्यांनी मतदान झालं.
डब्यात टणटण पडलेली मतं
यतीन गावसनं मोजली, मुख्यमंत्रीही तोच झाला,
हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.
पाणीमंत्री फिल्टर भरतो,
क्रीडामंत्र्याच्या ताब्यात हवा न धरणारा एक चेंडू आहे,
आणि आरोग्यमंत्री विदिता माजिक, इयत्ता चौथी,
प्रार्थना झाली की रांगेतून फिरते
कमरेवर हात ठेवून, थेट माझ्यासारखी.
"तळवे खाली. बोटं लांब."
नख काळं, तर नाव वहीत.
नाव वहीत, तर पहिला तास पायरीवर, उन्हात.
हा नियम तिचा नव्हे.
माझा आहे, तेवीस वर्षांचा.

मार्च आला. डोंगरावर बोंडू पिकले,
ओढ्यापलीकडून भाटीचा धूर वर्गात यायला लागला
आणि वही भरू लागली.
सोमवारी चार नावं, बुधवारी नऊ.
मी म्हटलं, शाबास, काम चोख आहे.

गुरुवारी टेबलावर,
पाव-भाजीच्या हिशेबाखाली, चार घड्यांचा कागद:
"मा. बाई,
मी आरोग्यमंत्रीपदाचा राजीनामा देते
कारण माझी नखं काळी आहेत.
साबण लावला, राख लावली, लिंबू लावलं. जात नाही.
पहाटे आईबरोबर बिया काढायला जाते.
सगळीच जातात. रेणव्वा पण जाते,
तिचा बाप दुसऱ्याच्या बागेची राखण करतो.
मीच पायरीवर बसले तर वही कोण धरणार?"
खाली सही, मंत्र्यांची असते तशी,
वाचता न येणारी.

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.
फळ्यावर लिहायचं काहीच नव्हतं.
फटू आठवला.
त्याची बोटं सोललेली असायची, मी त्याला अस्वच्छ म्हणायचे.
तीन मार्च तो पायरीवर होता.
चौथ्या मार्चला पायरी रिकामी.
आता तो वाळपईच्या मिनीबसवर असतो,
सुटे पैसे देताना तळवे खाली करतो, हसतो,
"बघा बाई, नखं."

मंत्रिमंडळाची बैठक आवळ्याखाली बसली.
मला बोलावणं नव्हतं, मी खिडकीतून ऐकलं.
यतीन म्हणाला, राजीनामा नामंजूर,
टीव्हीवर तसंच करतात.
मग पहिलीतला दुलबा उठला,
"मंत्री नाय तो बोल्लो तर चालता?"
"चालतं."
"म्हज्या बोटांक आग जाता."
कुणीच काही बोललं नाही.
चेंडूही त्या वेळी कुणी उडवला नाही.
वहीत रंगाचा रकाना होता.
आगीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी फाटकात विदिता,
हातात खोकल्याच्या औषधाची बाटली, आत खोबरेल.
हुकूम असा: डोंगरावर जायच्या आधी बोटांना लावायचं,
आल्यावर परत लावायचं,
ज्याच्या घरी नाही त्यानं शाळेतलं न्यायचं,
मागायला लाजायचं नाही.
वहीतलं 'काळी' तिनं खोडलं,
वर लिहिलं 'दुखतं का?'
पहिल्या पानावर अकरा 'हो',
रेणव्वाच्या नावापुढं 'हो' दोनदा.
पायरीवर आता चपला असतात.

वर्गाला तेलाचा वास येतो, पुस्तकांना डाग पडलेत.
केंद्रातून तपासणीला आले ते
डागांवर बोट ठेवून विचारतात, हे काय?
"आरोग्य खातं," यतीन सांगतो.

शनिवारी वाळपईला निघाले.
विदितानं पर्समध्ये एक बाटली घातली होती,
"बाई, कुणाला लागली तर."
फटूचीच बस आली.
पैसे देताना मी त्याच्या बोटांकडे पाहिलं,
अंगठ्याजवळ कातडी अजून वेगळ्याच रंगाची.
तो या वेळी हसला नाही, गर्दी होती.
स्टँड आला. मी उतरले.
बाटली तशीच
परत आणली.