स्लो

पास्कू ब्रिटोने बॉनेट उघडलं
तर आतून पेट्रोलचा नाही, सुकटाचा वास आला.
"मांजर व्यालां आसतला," म्हणाला, आणि हसला नाही.
उभादांड्याच्या वळणावर त्याची शेड.
वर झावळं, एका अंगाला जुन्या होर्डिंगचा पत्रा,
त्यावर कुणा उमेदवाराचे नुसतेच जोडलेले हात.

फियाट नानांची.
काजूच्या फॅक्टरीत हिशेब लिहिणाऱ्या माणसाने
बेळगावच्या वकिलाकडून घेतलेली, तिसऱ्या हाताने.
मूळ रंग कुठला, यावर घरात अजून दोन मतं.

पास्कूने स्टार्टर मारला.
उठली, खोकली, त्याने पाय काढला, गेली.
पुन्हा उठली. पाय काढला, गेली.
"स्लो धरीत नाय गो ही."

चार नट, कुजलेलं गॅस्केट, एक नळी,
आणि कार्ब्युरेटर त्याच्या तळहातावर आला
उलट्या चिंबोरीसारखा, पाय आवळून.
वाटीच्या तळाशी हिरवट खार.
जेट त्याने तोंडाने फुंकला, डोळ्याशी धरला,
मग माझ्या हातात दिला.
सुईएवढ्या भोकातून
समुद्राचा एक ठिपका दिसत होता.

नंतर त्याने थ्रॉटलचा दांडा दोन बोटांत धरला.
डुगडुगला, दुधाचा दात डुगडुगतो तसा.
"हय बघ. भोक लांबलां. वारो हयसून खाता.
धा-बारा वर्सां तरी झाली.
पाय काढलो की मेली.
तुझो बापूस पाय काढतलो कसो?"

मी बसले होते त्या स्टुलाचा एक पाय विटेवर होता.

नाना कधी गाडीतून उतरले नाहीत.
लग्नघरी नाही, मयताच्या दारी नाही,
सावंतवाडीला माझ्या हॉस्टेलच्या फाटकाशी नाही.
गाडी गुरगुरत उभी, खिडकीतून बाहेर एक हात,
हातात कुळथाच्या पिठाची पिशवी,
"चल, निघतो," आणि धूर.
मावशी म्हणायची, पायाला भिंगरी लावून आलाय.
आई काही म्हणायची नाही.
कपबशी घेऊन फाटकापर्यंत जायची
आणि कपबशी घेऊन परत यायची.
मी याला स्वभाव म्हणत आले.
मुलाला सांगितलं तेही तसंच:
तुझे आजोबा ना, उतावळे होते.

नवा कार्ब्युरेटर कोल्हापूरहून येतो, खोक्यातून, चकचकीत.
पास्कूने नाक मुरडलं. "हलको. तीन पावस काढीत."
म्हणून आम्ही बंदरावर गेलो, उमाकांत गिरपाच्या लेथवर,
जिथे ट्रॉलरच्या शाफ्टांना बुश बसतात.
त्याने तो दांडा उजेडात फिरवून पाहिला.
"ह्यो काय मुंगयेचो ट्रॉलर?"
तरी चष्मा पुसला, भोक बोअर केलं,
गनमेटलचे दोन बुश कातले, नखाएवढे.
कीस त्याच्या बनियनला चिकटून राहिला.
जाळी शिवणारी दोन पोरं बघायला आली आणि कंटाळून गेली.
काम पाऊण तासाचं. पैसे
एका पापलेटाचेही नाहीत.

परतताना, मांडवीच्या पुलावर, मी विचारलं:
नानांना ठाऊक नव्हतं?
पैशापैशाचा मेळ घालणाऱ्या माणसाला?
पास्कू स्कूटर चालवत होता, मान वळवली नाही.
"इल्ले दोनदा. मियाच दाखवलंय त्यांका.
म्हणाले, ऱ्हवांदे."

वाऱ्यात मला आधी नीट ऐकू आलं नाही.
मग आलं.

शेडमध्ये मी स्टिअरिंगवर बसले.
त्याने स्क्रू पाव फेरा आत घेतला, कान लावला,
केसभर बाहेर काढला.
"काढ पाय."
मला काढवेना.
"काढ गो."

काढला.
इंजिन एकदा अडखळलं
आणि मग आपापलं बोलत राहिलं,
कुणी ऐकतंय की नाही याची पर्वा नसलेल्या म्हातारीसारखं.

पास्कूच्या बायकोने दारातून चहा पुढे केला.
मी उतरले. गाडी मागे चालूच.
चहा फार गरम होता,
थांबावं लागलं.