आठ नंबरचा डोंगा

प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते,
म्हणून मला सगळं आधी दिसलं:
लसीच्या खोक्यातला थर्माकोल,
मोडक्या खेळण्यांमधल्या मोटरी,
बाटलीची झाकणं कापून केलेले पंखे
आणि तळहाताएवढ्या सौरपट्ट्या,
नागपूरहून एस.टी.च्या पार्सलात आलेल्या.
मागवल्या नऊ, धड निघाल्या आठ.

मसराम सर म्हणाले, यादोराव,
तुमच्या घरी डोंगे होते ना, सांगा पोरांना काही.
काय सांगू जी?
बाप माझा आंब्याचं खोड कोरायचा वाकसाने,
महिना महिना आत बसून.
म्हणायचा, लाकूड हलकं नाही करायचं,
पाण्याला पटेल एवढंच काढायचं.
हे मी सांगितलं नाही.
मी म्हटलं, बूड सपाट ठेवा.

पुस्तकला वलथरेने तेवढंही ऐकलं नाही.
तव्याच्या कडेवर शेकून शेकून
तिने थर्माकोलला पोट आणलं.
सगळ्यांनी पट्टी आडवी चिकटवली,
हिने तिरपी.
काहून वं, विचारलं,
तर म्हणाली, घरचं धान मीच वाळवतो ना काका,
ऊन कुठून येते मले मालूम आहे.
बाकीच्यांच्या होत्या बोटी.
हिचा डोंगा.

पुसातला शनिवार. मामा तलावावर
दहा वाजेपर्यंत धुकं उठेना.
मी दोन बांबू रोवले, दोरी ताणली,
गळ्यात शिट्टी.
पाळीवर अख्खं गाव, दोन बकऱ्या,
आणि सरपंचबाई, खुर्ची नको म्हणून उभ्याच.

शिट्टी वाजली. आठही निघाल्या,
शिवणयंत्रासारख्या टरटरत.
अर्ध्यावर ढग आला.
फार मोठा नव्हता,
एका बांधीवर पुरेल एवढाच.
आठही जागच्या जागी थांबल्या,
जसा वर्ग थांबतो
गृहपाठ विचारल्यावर.
पाळीवर कोणी बोलेना.
पाण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.
मग सातवीतला एक पोट्टा वर पाहून ओरडला,
सरक ना बे!
सर म्हणाले, ढगाला बे म्हणू नये.

ढग सरकला.
दोन नंबर पाचला भिडला,
सहा स्वतःभोवतीच फिरत राहिला,
तीन जिंकला. चंद्रकेशचा.
आठ सगळ्यांत जोरात गेला,
पण दोरीकडे नाही,
सरळ शिंगाड्याच्या पिवळ्या वेलीत,
आणि तिथेच गुरगुरत बसला.

चंद्रकेशला कंपासपेटी मिळाली,
सगळ्यांना खिचडी.
पुस्तकला पाळीवर उभी.
म्हटलं, आणून देतो.
म्हणाली, राहू द्या काका, पाणी थंड आहे.
पाणी थंड होतं हे खरं.
पण माझ्याकडे पाहून ती ते म्हणाली नव्हती.

रविवारी पहाटे गेलो.
रात्री वारा फिरला असावा,
डोंगा वेलीतून सुटून
उघड्या पाण्यात आला होता, मेल्यासारखा.
पँट वर करून मी शिरलो.
गुडघ्याएवढ्या पाण्यात हात पुढे केला,
तेवढ्यात सागाच्या रांगेमागून ऊन आलं
आणि तिरप्या पट्टीला समोरासमोर भेटलं.
पंखा एकदा हलला.
थांबला.
परत हलला.
माझ्या बोटांना चाटून डोंगा निघाला.

मी ढीवराचा पोर. पाण्यातून जाणारं
पकडायला शिकलेला.
पकडलं नाही.

सोडायची राहिलेली दोरी तशीच होती.
तो तिच्याखालून गेला,
उलट्या बाजूने,
पाहायला फक्त एक बगळा,
त्याचंही लक्ष मासोळीत.
शिट्टी गळ्यात नव्हती.
घड्याळ होतं. सात बावन्न.

सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात
बारीक अक्षरात लिहिलं:
आठ नंबर, सात बावन्न.
आणि पुस्तकला येईपर्यंत
कोणी पुसू नये म्हणून
किल्ली सापडत नाही म्हटलं.